सदरे घातलेली मेणबत्ती

लेनिनग्राद, १४ सप्टेंबर १९८७

प्रिय फेदोस्या कार्पोव्ना,

तुम्ही मला ओळखत नाही. मी वार्या, मात्वेय इल्यिचची नात. ते तुमचे चुलत भाऊ, म्हणजे तुम्ही माझ्या चुलत आजी. तुमचा पत्ता आईने दिला. ती म्हणाली, फेदोस्या अजून लुझ्कीतच असणार, तिला तिथून हलवायला ट्रॅक्टर लागेल. रागावू नका, ती सगळ्यांबद्दल असंच बोलते.

मी इथे एका म्युझियममध्ये आहे, लोककला विभागात. अजून टेम्पररी. दिवसभर जुन्या वस्तूंची वर्णनं लिहायची, एवढंच काम. आत्ता माझ्या टेबलावर एक भरतकाम केलेला टॉवेल आहे. त्यावर लाल दोऱ्याने एक बाई काढलीय, हात वर करून उभी, आणि दोन्ही हातांवर पक्षी बसलेत. ही कोण? पक्ष्यांना बोलावतेय की उडवून लावतेय? आमच्या विभागप्रमुख एल्ला गेन्रिखोव्ना म्हणतात, लांबी-रुंदी लिही आणि पुढचा टॉवेल घे. पण मला लांबी-रुंदीत अजिबात इंटरेस्ट नाही.

आता मुद्दा. आजोबा गेले त्याच्या आधी काही दिवस ते लुझ्कीबद्दलच बोलत होते. एकदा म्हणाले, "आमच्याकडे मेणबत्तीला सदरे घालायचे. जुन्यावर नवा." आईला वाटलं तापात बोलतायत. मला नाही वाटलं. पण मी विचारेपर्यंत ते झोपले, आणि नंतर विचारायचं राहून गेलं.

म्हणून तुम्हाला विचारते. असं काही खरंच होतं का? मेणबत्तीला सदरा कशाला? तो कोण शिवतं? त्याला बाह्या असतात का? पेटवल्यावर सदरा जळत नाही का? आणि ती मेणबत्ती आता कुठे आहे?

तुमची,
वार्या


लुझ्की, २ ऑक्टोबर

वार्या पोरी,

पत्र मिळालं. आधी ते 'तुम्ही' काढून टाक. मी काय जिल्हा कमिटी आहे? फेदोस्या आजी म्हण.

मात्वेय गेल्याचं तुझ्या आईने कळवलं होतं. लहानपणी त्याने माझ्या वेणीला डांबर फासलं होतं. देवाने त्याला माफ केलं असेल, मी अजून केलेलं नाही. पण शेवटी त्याला लुझ्की आठवलं, हे बरं वाटलं.

तो तापात बोलत नव्हता. मेणबत्ती आहे. तुमच्या दुकानातल्या बोटाएवढ्या मेणबत्त्यांसारखी नाही, चांगली लहान पोराएवढी जाड आहे. तिच्याबरोबर संत निकोलाचा आयकॉन असतो, फळीवर रंगवलेला. हिवाळी निकोलाच्या दिवशी, म्हणजे एकोणीस डिसेंबरला, दोघं एका घरातून दुसऱ्या घरी जातात. जे घर घेतं ते वर्षभर सांभाळतं आणि त्या दिवशी सगळ्यांना जेवायला घालतं. दरवर्षी तिच्यावर थोडं नवं मेण चढवायचं. कोणाचा नवस असेल तर ती बाई नवा सदरा शिवून जुन्यावर बांधते. पोर आजारी, नवरा लढाईवर, गाय आटली, काहीही. जुना सदरा काढायचा नाही. आणि बाह्या कशा असतील गं? मेणबत्तीला हात असतात का? आणि म्हणे म्युझियममध्ये काम करते.

ती कोणाच्या मालकीची नाही. वर्षभर ज्याच्या घरी, त्याची. मग पुढच्याची. नेपोलियनच्या वेळेपासून चालू आहे. त्याचे घोडे आमच्या चर्चमध्ये बांधलेले होते, तेव्हा बायकांनी नवस केला.

सध्या माझ्याकडे आहे. बघायची असेल तर निकोलाला ये. साखर आण, कूपनावर मिळेल तेवढी. कशाला ते विचारू नकोस. यीस्टही आण.

फेदोस्या


लेनिनग्राद, ८ नोव्हेंबर

फेदोस्या आजी,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की आता घडीवर फाटायला आलंय. मी येतेय! साखर शेजाऱ्यांकडूनही जमवतेय आणि कशाला ते विचारत नाहीये, मला वास न येताच कळलंय.

मधल्या काळात आणखी प्रश्न साठलेत. ती वर्षभर घरात कुठे ठेवतात? एरवी पेटवतात का? रात्री ती थंड पडते का? घरात भांडण झालं तर तिच्यासमोर बोलतात, की दुसऱ्या खोलीत जातात? आणि कोणी घ्यायला नाही म्हटलं तर?

अजून एक सरळच विचारते. पुढच्या वर्षी रशियात ख्रिस्ती धर्म येऊन हजार वर्षं होतायत. काल-परवापर्यंत आयकॉन म्हटलं की आमच्याकडे लोक दार लोटून बोलायचे. आता तळघरातून सगळं वर काढतायत आणि मोठं प्रदर्शन भरणार आहे. एल्ला गेन्रिखोव्नांना मी मेणबत्तीबद्दल सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. त्या कधीच चष्मा काढत नाहीत. म्हणाल्या, अशी वस्तू अख्ख्या शहरात कुठल्याच म्युझियमकडे नाही. ती मी आणली तर माझी नोकरी पक्की, असंही म्हणाल्या.

तर, लुझ्कीचे लोक ती म्युझियमला देतील का? इथे नीट राहील. ऊब-गारवा मोजून ठेवतात, उंदीर नाहीत, आणि हजारो लोक बघतील. नाही म्हणालीस तर मी नुसती बघून परत जाईन.

वार्या


लुझ्की, २५ नोव्हेंबर

वार्या,

रोस्लाव्लला गाडी सकाळी येते. तिथून बस. वळणावर उतर, मी घसरगाडी घेऊन उभी असेन. नमद्याचे जाड लोकरी बूट घाल. तुझी शहरातली पायताणं इथे अर्ध्या तासात मरतील.

तुझं पत्र मी प्रास्कोव्याला आणि बाकीच्या बायकांना वाचून दाखवलं. खूप हसलो. मेणबत्ती रात्री थंड पडते का, हे आजवर आम्हाला कोणी विचारलेलं नव्हतं. प्रास्कोव्या माझ्याच वयाची, समोरच्या घरात राहते, तिने उठून हात लावून बघितलं. पडते. भांडणं तिच्यासमोरच होतात, दुसरी खोली कोणाकडे आहे? प्रास्कोव्या म्हणते, या पोरीला बघायलाच पाहिजे.

माणसांची काळजी करू नको. निकोलाला घर भरलेलं असतं.

खारवलेली हेरिंग मासळीही आण, जमलं तर.

फेदोस्या


लेनिनग्राद, २४ डिसेंबर

माझी लाडकी आजी,

सुखरूप पोचले. तीही पोचली, निकोलाही. गाडीत खालच्या बर्थवर तिला झोपवलं आणि मी बसून राहिले. डब्यातल्या एका बाईने विचारलं, बाळ आजारी आहे का? मी हो म्हटलं. मेंढीच्या कातड्यात गुंडाळलेली ती दिसत होतीच तशी.

अजून डोळ्यांसमोरून जात नाही. गावात शिरताना मला वाटलं आपण चुकीच्या वळणावर उतरलो. धूर मोजक्याच धुराड्यांतून निघत होता. बाकीच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. तू लिहिलं होतंस घर भरलेलं असतं. भरलं होतं खरं, पण सगळं गाव एकाच खोलीत मावलं म्हणून. हे तू आधी का नाही सांगितलंस?

आणि मग ती. राय धान्याच्या दाण्यांनी भरलेल्या बादलीत उभी, वर ठिपक्यांचा सदरा, कमरेला पट्टा. मला इतकं हसू आलं आणि लगेच हसू नये असंही वाटलं. आणि तुमचा निकोला! कोणी रंगवला तो? कपाळ एवढं मोठं की डोळ्यांना जागाच उरली नाही, म्हणून ते बिचारे नाकाजवळ येऊन बसलेत. आमच्या म्युझियममधले संत सगळे आरपार बघतात. हा मात्र आपल्याकडेच बघतो, उशिरा घरी आलेल्या मुलाकडे बघावं तसा.

तुम्ही गात निघालात, पुढे निकोला, मागे पेटलेली मेणबत्ती. मला कळेना कुठे चाललोय. प्रत्येक बंद घरासमोर थांबून वाकत होतात. प्रास्कोव्या प्रत्येकाचं नाव सांगत होती: हे येर्मोलाय, हे लुकेर्या, हिच्याकडे धरपकडीच्या वर्षी होती. आणि शेवटी फिरून परत तुझ्याच फाटकाशी आलो. तू टॉवेलवर निकोला घेऊन माझ्याकडे वळलीस. मला वाटलं फोटोसाठी वळलीस. पण तू हात पुढे केलेस, म्हणून मी कॅमेरा पाठीवर टाकला आणि घेतला. सगळ्या बायका माझ्यापुढे कमरेतून वाकल्या. एकेकीने तीन-तीनदा गालाचे पापे घेतले. प्रास्कोव्या रडत होती. मला समजलं की तुम्ही तिचा निरोप घेताय.

रात्री मी विचारलं, नेऊ ना? तू म्हणालीस, "तुझीच आहे आता." इतक्या सहज दिलीत. बसमध्ये मला रडू आलं.

एल्ला गेन्रिखोव्नांनी मला मिठी मारली. ही पहिलीच वेळ. म्हणाल्या, लुझ्कीच्या लोकांना म्युझियमतर्फे आभाराचं पत्र पाठवू, शिक्क्याचं. मेणबत्ती आता खाली साठवणीच्या खोलीत आहे.

तुझी,
वार्या


लुझ्की, १० जानेवारी १९८८

वार्या,

कसले आभार? कोणाला शिक्क्याचं पत्र? कुठली साठवण?

तुझं पत्र आम्ही दोनदा वाचलं. प्रास्कोव्या म्हणाली, हिला कळलंच नाही. मी म्हटलं असं कसं होईल, शिकलेली आहे. तर खरंच कळलेलं नाही.

नीट वाच. निकोलाच्या दिवशी, गावाला फेरी घालून आल्यावर, सगळ्यांसमोर जी बाई टॉवेलवर आयकॉन हातात घेते, ती त्या वर्षाची यजमानीण. म्हणून वाकलो तुझ्यापुढे. निरोप कसला? निरोपाला कोणी कमरेतून वाकतं का? मेणबत्ती तुझ्या घरी गेली, म्युझियमच्या नाही. पुढच्या निकोलाला तू लोकांना जेवायला घालायचंस आणि पुढच्या घरी द्यायचीस.

'तुझीच आहे' म्हटलं ते त्या अर्थाने. वर्षभर ज्याच्या घरी त्याची, हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

ती आत्ता कशावर उभी आहे? तिच्या खोलीत कोण झोपतं? रेडिएटरजवळ ठेवू नकोस, वाकेल.

फेदोस्या


लेनिनग्राद, २८ जानेवारी

आजी,

ती लोखंडी शेल्फवर आहे. तिच्या खोलीत कोणी झोपत नाही. एका बाजूला चहाचे समोवार आहेत, दुसऱ्या बाजूला लाकडी घोडा. दार सीलबंद असतं.

मला राग आलाय, तो लपवत नाही. मी तुला सरळ विचारलं होतं, म्युझियमला द्याल का. तू बुटांवर लिहिलंस, हेरिंगवर लिहिलंस आणि या एका प्रश्नाला उत्तरच दिलं नाहीस. मी समजले, हो म्हणजे हो. आता मी एल्ला गेन्रिखोव्नांना काय सांगू? की मी चुकून यजमानीण झाले?

आणि माझं घर म्हणजे काय, तुला माहीत आहे का? मीही ते लिहिलं नव्हतं. एका फ्लॅटमध्ये सात कुटुंबं, एक स्वयंपाकघर, आणि माझी खोली ट्रामच्या डब्याएवढी. भिंतीपलीकडे कापितोलिना साव्विश्ना राहते, ट्राममधून रिटायर झालेली कंडक्टर. मी मासा तळला तरी ती दारावर येऊन विचारते की इथे काय मेलंय. तिथे मी पेटती मेणबत्ती ठेवू?

मेमध्ये समिती बसेल. तोपर्यंत ती माझ्या नावावर तात्पुरती जमा आहे. एकदा समितीने घेतली की सरकारची. मग डायरेक्टरही तिला दाराबाहेर काढू शकत नाहीत.

आणि खरं सांग, पुढच्या वर्षी मी देणार कोणाला? लुझ्कीत आहे कोण?

वार्या


लुझ्की, १५ फेब्रुवारी

वारेन्का,

राग आला ते बरं झालं. मात्वेयही चिडला की नीट लिहायचा.

खरं सांगते. लुझ्कीत कोणी नाही. कायदा एका वर्षाचा, माझ्याकडे ती तीन वर्षं होती. त्याआधी प्रास्कोव्याकडे दोन वर्षं. बाकीच्यांचे हात चालत नाहीत. मुलं येतात ती बटाटे न्यायला. त्यांना विचारलं, तर म्हणतात, आई, चर्चला देऊन टाक. चर्चला कशाला? ती चर्चची कधी नव्हतीच, घरांची आहे.

मग तुझं पत्र आलं. आणि मग दुसरं. मी बायकांना वाचून दाखवलं, आणि प्रास्कोव्या म्हणाली, हिला द्यायची. आम्ही ठरवूनच ठेवलं होतं. फसवलं म्हण हवं तर. पण बघ, इतक्या वर्षांत आमच्या पोरांपैकी एकानेही विचारलं नाही की तिला रात्री थंडी वाजते का. तू विचारलंस. मग कोणाला देणार?

म्युझियमचं तू विचारलं होतंस. उत्तर दिलं नाही, कारण माझ्याकडे नव्हतं. तो प्रश्न यजमानिणीचा असतो. वर्षभर तिचं चालतं. तिने नाही सांभाळली तर नाही सांभाळली. एकोणीसशे सदतीसमध्ये, धरपकडीच्या वर्षी, लुकेर्याने ती कोबीच्या पिंपात लपवून ठेवली होती, कोणी बोललं नाही.

तू ठरव. आम्ही विचारणार नाही.

फेदोस्या


लेनिनग्राद, २० मे

आजी,

तू खरंच विचारलं नाहीस. त्याचा जास्त त्रास झाला.

मार्चभर मी स्वतःला समजावत होते की म्युझियमच बरं. इथे ती जळणार नाही, हरवणार नाही, कोबीच्या पिंपात जाणार नाही. आणि मला नोकरी हवी आहे, आजी. त्या टॉवेलवरच्या बाईजवळ बसायला मिळतं म्हणून हवी आहे.

एप्रिलमध्ये आमच्या दुरुस्ती-कारागीर बाईंनी सदऱ्यांचे काठ जरा उचलून दाखवले. काढले नाहीत, शपथ. वर ठिपक्यांचं चीट, त्याखाली फ्लॅनेल, त्याखाली सैनिकी कोटाचं कापड. आणि त्याखाली काय असेल? लाल कापड, त्यावर पांढऱ्या रंगात अर्धी अक्षरं! पंचवार्षिक योजनेचं बॅनर! कोणी तरी बॅनर फाडून मेणबत्तीला सदरा शिवला! मी जमिनीवर बसून हसले. बाई म्हणाल्या, सगळ्यात आतलं कापडसुद्धा गिरणीचं वाटतं, शंभर वर्षांच्या पलीकडचं नाही. म्हणजे नेपोलियन काही सापडला नाही.

मग समितीसाठी वर्णन लिहायला बसले. उंची, वजन, स्थिती. एल्ला गेन्रिखोव्ना बाजूला उभ्या होत्या. मी विचारलं, समितीनंतर कोणी नवा सदरा आणला तर? म्हणजे कोणाचा नवस असला तर?

त्या म्हणाल्या, "वार्या, त्यानंतर तिला जे लागेल ते नुकसान. मेणाचा थेंबसुद्धा."

त्या वाईट नाहीत, आजी. त्या बरोबरच बोलत होत्या. म्युझियमचा अर्थच तो. पण माझं पेन तिथेच थांबलं. मी टॉवेलकडे बघितलं. तो संपलाय. म्हणूनच त्याची लांबी मोजता येते. हिची कशी मोजू?

दुसऱ्या दिवशी ती परत घ्यायचा अर्ज दिला आणि निकोलासकट तिला घरी घेऊन आले. ट्राममध्ये लोकांनी जागा दिली, याही वेळी बाळच समजले. पक्की जागा एका मुलाला मिळाली, तो चांगला आहे, लांबी-रुंदी छान लिहितो. मी टेम्पररीच आहे. एल्ला गेन्रिखोव्ना माझ्याशी फक्त कामापुरतं बोलतात.

ती आता माझ्या खिडकीच्या विरुद्ध कोपऱ्यात आहे. बादलीत राय नाही, गहू आहे. चालतं का? कापितोलिना साव्विश्ना आल्या आल्या म्हणाली, मेणाचा वास येतोय, आता चर्च उघडलंस का.

वार्या


लुझ्की, ६ जून

गहू चालतो.

बॅनर सामुदायिक शेतीच्या चेअरमनच्या बायकोचं. तिचा नवरा तिखोन तुरुंगात होता. घरात दुसरं कापड नव्हतं, आणि ते होतं भरपूर.

नेपोलियन आत आहे, खोल. तुमच्या बाईचे हात तिथवर पोचले नाहीत.

तू तिला घरी नेलीस हे मी प्रास्कोव्याला मोठ्याने वाचून दाखवलं. मग पुन्हा वाचायला लावलं तिने. दुपारभर आम्ही काही काम केलं नाही.

फेदोस्या


लेनिनग्राद, ३० नोव्हेंबर

आजी,

सप्टेंबरमध्ये लिहिलं, ऑक्टोबरमध्ये लिहिलं, उत्तर नाही. आई म्हणते पोस्टाचा घोळ. मला तसं वाटत नाही. तू बरी आहेस ना?

मी अठराला निघून एकोणीसला सकाळी तिला घेऊन वळणावर उतरते. साखर जमवलीय. कोणाला द्यायची ते तिथे बघू. तू एक ओळ तरी पाठव. नाही आली तरी मी येणार.

वार्या


रोस्लाव्ल, ८ डिसेंबर

वारेन्का,

येऊ नकोस. तिथे कोणी नाही.

ऑगस्टमध्ये प्रास्कोव्या गेली. झोपेत, शांतपणे. मी सप्टेंबरमध्ये तळघराच्या शिडीवरून पडले, कंबर मोडली. तुझी पत्रं लुझ्कीहून फिरून फिरून आत्ता मिळाली. मी मुलीकडे आहे, पाचव्या मजल्यावर. खिडकीतून दुसरी खिडकी दिसते. बाकीच्यांनाही मुलांनी नेलं. दारांना फळ्या ठोकल्या.

म्हणून तिथेच कर. घर बदललं पाहिजे, गाव कुठलंही असो. शेवटी मी तुला फुकट अडचणीत टाकलं, असं रात्री वाटतं. कोणी घेतलं नाही तर वाईट वाटून घेऊ नको. तुझ्याकडे एक वर्ष होती, ते वर्ष झालं. एवढं लक्षात ठेव की घे म्हणून कोणाच्या गळ्यात मारायची नाही.

मी तुझ्या हातात दिली तेव्हा तुला माहीत नव्हतं. पुढच्या बाईला माहीत असू दे.

तुझी आजी


लेनिनग्राद, २० डिसेंबर

आजी,

तुझं पत्र सोळाला आलं. त्या दिवशी मी प्रास्कोव्यासाठी मेणबत्ती पेटवली आणि बराच वेळ बसून राहिले. मग जेवणाच्या तयारीला लागले, दुसरं काय करणार.

स्वयंपाकघरात मी मध घालून गहू शिजवत होते, मयताच्या जेवणाला करतात तसे, आणि सगळ्या शेजारणी विचारत होत्या कोण मेलं. सांगावंच लागलं. मी सगळं सांगितलं: कोण घेतं, वर्षभर काय करावं लागतं, शेवटी कितीजणांना वाढावं लागतं. अगदी कोबीच्या पिंपापर्यंत. मी कोणाला घे म्हटलं नाही. सगळ्या आपापल्या पातेल्यांकडे बघत होत्या. कापितोलिना साव्विश्ना म्हणाली, "आणि तो वास वर्षभर?" मी म्हटलं, हो, वर्षभर.

काल सकाळी तिने माझं दार वाजवलं. हातात घडी घातलेलं निळं कापड होतं. म्हणाली, "फ्लॅनेल चालतं का?"

तिचा नातू अफगाणिस्तानात आहे. दीड वर्ष झालं. आजी, मी तिच्या भिंतीला भिंत लावून राहते आणि मला हे माहीत नव्हतं. जगाला प्रश्न विचारत फिरते, हिला कधी एक विचारला नाही. ती म्हणाली, ऑक्टोबरपासून पत्र नाही. एवढंच. मग खाली बसून तिने सदरा बांधला, ठिपक्यांच्या वर. गाठ मारताना माझ्यावर ओरडली की धर नीट.

चारला अंधार पडला तेव्हा निघालो. एल्ला गेन्रिखोव्ना आल्या होत्या. मी बोलावलं होतं, पण येतील असं वाटलं नव्हतं. कोबीचं सारण भरलेला पिरोग स्वतः भाजून आणला होता, एका बाजूने करपलेला. टेप रेकॉर्डर आणलाय का विचारलं तर म्हणाल्या, नाही, पिरोग जड होता.

आता अडचण अशी की लुझ्कीत दोन घरांमध्ये शेत असतं. इथे माझं दार आणि पुढचं दार यांच्यात टेलिफोन आणि भिंतीवर टांगलेली एक सायकल. मला वाटलं एवढ्यात फेरी कसली? म्हणून मागच्या जिन्याने खाली उतरलो, अंगणाला वळसा घातला, कचऱ्याच्या डब्यांवरून, कोळशाच्या बंद खोलीवरून, आणि पुढच्या जिन्याने वर आलो. तुमची गाणी मला येत नाहीत. कोणालाच येत नव्हती. एल्ला गेन्रिखोव्नांना एक येत होतं, त्यांच्या आईचं, अंगाईगीत. तेच गायलो. वाऱ्याने मेणबत्ती दोनदा विझली, दोनदा पेटवली. पहिल्या मजल्यावरचा एक माणूस दार उघडून बाहेर आला, काही विचारलं नाही, टोपी काढली.

कॉरिडॉरमध्ये मी टॉवेलवर निकोला घेऊन उभी राहिले. मी कोणाकडेच वळले नाही. वळले असते तर गळ्यात मारल्यासारखं झालं असतं. खूप वेळ झाला असं वाटलं. सायकलचं चाक हळूच फिरत होतं, कोणाचा तरी खांदा लागला असणार.

कापितोलिना साव्विश्ना आपल्या दारापाशी गेली, दोन्ही कवाडं उघडली, परत आली आणि म्हणाली, "माझ्याकडे कोपरा कोरडा आहे." आणि हात पुढे केले.

मी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे ना, पुढच्या निकोलाला काय काय करायचं?"

"ऐकलं मी स्वयंपाकघरात. बहिरी नाही."

आम्ही सगळे कमरेतून वाकलो. एल्ला गेन्रिखोव्नाही वाकल्या, चष्मा हाताने धरून. मग तिच्या खोलीत जेवलो, माझ्या खोलीत मावलो नसतो. पिरोग संपला, करपलेली बाजूसुद्धा.

आज सकाळी उठले तर कोपऱ्यात फक्त बादलीचा गोल डाग. भिंतीपलीकडे ती कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होती, शब्द कळत नव्हते. मी कपडे करून बाहेर आले, तिचं दार वाजवलं आणि विचारलं, बघायला आत येऊ का?

"ये," ती म्हणाली. "पाय पूस आधी."

तुझी,
वार्या